आईचा अल्बम, आईचा आवाज

प्रश्न : आमची आई १९७० च्या दशकात मैत्रिणींबरोबर गडकिल्ले हिंडायची. ती गेल्यावर कपाटात चिकट पानांचा अल्बम आणि तिच्या आवाजातली एक कॅसेट सापडली. फोटो पानावरून सुटत नाहीत, बरेचसे कुठले तेही कळत नाही. नातवंडांसाठी छोटी पुस्तिका करायची आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आईच्या मैत्रिणींपासून. त्या आता सत्तरीपुढे असतील. अल्बम महिनाभर थांबेल. ‘आई कशी होती?’ असं विचारलं तर ‘खूप धाडसी, खूप प्रेमळ’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी फोटो हातात द्या आणि विचारा : सॅकमध्ये काय काय असायचं? स्टोव्ह कोण वाहायचं? मुलांना कुणाकडे ठेवून यायची? मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि उत्तरं त्यांच्याच बोलीत छापा.

फोटो ओढू नका, पाणीही लावू नका; वरचा थर फुगून निघून येतो. आधी प्रत्येक पान जसंच्या तसं कॅमेऱ्यात टिपून ठेवा, कारण आईने लावलेला क्रम हीसुद्धा माहितीच आहे. मग दात साफ करायचा बिनमेणाचा धागा कोपऱ्यातून आत घालून करवतीसारखा हळू फिरवा. तरी सुटला नाही तर पानासकट ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. लॅमिनेशन मात्र कधीच नको. नावं फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिली तर पुढे वळ उठतात. कागदी पाकिटावर लिहा.

जागा ओळखायला खुणा पुष्कळ. पाण्यातलं मोठं शिवलिंग आणि चारांपैकी एकच अखंड खांब दिसला तर हरिश्चंद्रगडावरचं केदारेश्वराचं लेणं. खडकाला आरपार भोक, म्हणजे बहुधा राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं.

कॅसेटच्या कडेचे दोन प्लास्टिकचे चौकोन आधी मोडा, म्हणजे चुकून आईच्या आवाजावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट वाजवू नका, साफ करून देणाऱ्याकडे न्या. फीत स्वच्छ असेल तर शेवटपर्यंत नेऊन परत आणा, मगच वाजवा. आवाज दबका आला तर फितीमागची छोटी नमद्याची गादी निसटली आहे का पाहा. संगणकावर डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता पूर्ण साठवणारी) फाइल करा. खरखर काढायची तर दुसऱ्या प्रतीवर, आणि तीही बेताने : मागची कुकरची शिट्टी, मधेच कुणाला मारलेली हाक तशीच राहू द्या.