हिरड्यांतून रक्त येतं आणि साखर खाली येत नाही: संबंध आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या वेळेवर घेतात, तरी एचबीए१सी (रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ८.४ च्या खाली येत नाही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, पण दुखत काहीच नाही. डेन्टिस्टनी डीप क्लिनिंग सांगितलंय आणि त्याने साखरेलाही मदत होईल म्हणाले. हे खरं, की उगाच खर्च वाढवायचं निमित्त?

खरं आहे. फक्त मदत किती होईल, ते आधीच नीट माहीत असू द्या.

आधी हिरडीच्या आत काय चाललंय ते बघा. डेन्टिस्टकडे प्रोब नावाची एक बारीक, बोथट टोकाची सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. ती दात आणि हिरडीच्या फटीत अलगद सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. १ ते ३ मिमी म्हणजे ठीक. ४ मिमी किंवा जास्त भरली की तिथे ‘पॉकेट’ झालंय असं समजायचं आणि ६ किंवा जास्त म्हणजे खोल पॉकेट. इतक्या आत ब्रश पोचत नाही. तिथलं कीटण टणक होऊन मुळाला चिकटतं, त्यावर जंतूंचा थर बसतो आणि पॉकेटचं आतलं अस्तर सतत सुजलेलं, सोललेलं राहतं. आजार तोंडभर पसरलेला असेल तर या सगळ्या अस्तराचं क्षेत्रफळ ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतं, असा अंदाज आहे. मधुमेही माणसाच्या पायाला एवढी जखम असती तर घरातलं कुणी स्वस्थ बसलं असतं का? ही तोंडात आहे, दिसत नाही आणि दुखतही नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते.

अशा जखमेतून दाह वाढवणारी रसायनं रक्तात मिसळत राहतात आणि त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. उलट बाजूने, साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, जखम भरायला वेळ लागतो आणि हिरड्यांचा आजार जोर धरतो. म्हणजे दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. हिरड्यांच्या आजाराच्या हल्लीच्या वर्गीकरणात एचबीए१सी ७ किंवा जास्त असेल, तर आजार झपाट्याने वाढणाऱ्या गटात धरतात, ते यामुळेच.

आता मदत किती? हिरड्यांवर पूर्ण उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.३ ते ०.५ ने उतरतो. म्हणजे ८.४ चा ८ च्या आसपास. साडेसहा होणार नाही. गोळ्या, आहार, चालणं हे सगळं तसंच चालू ठेवायचं. पण एखादी जादा गोळी सुरू केल्यावर जेवढा फरक पडतो, त्याच्या जवळ जाणारा हा फरक आहे, आणि दात वाचतात ते वेगळंच.

डीप क्लिनिंग म्हणजे नेहमीचं स्केलिंग, म्हणजे दातांची वरवरची सफाई नव्हे. सुन्न करून हिरडीच्या खाली, मुळापर्यंत साफ करतात. बहुतेकदा दोन ते चार बैठका लागतात. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: पहिल्या बैठकीनंतर रक्त कमी झालं की लोक पुढच्या बैठकांना जातच नाहीत. खोल पॉकेट तसंच राहतं. दुसरी भीती ‘साफ केलं की दात हलतात’ ही. दात आधीपासूनच हाड झिजल्यामुळे सैल झालेले असतात, कीटणाने ते लिंपल्यासारखे धरलेले असतात, एवढंच. सूज उतरल्यावर हिरडी खाली सरकते, दात लांब दिसतात, काही आठवडे गार झोंबतं. हे अपेक्षित आहे. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करून घ्या आणि पहिल्या मापाशेजारी ठेवून बघा. पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी.

जायच्या दिवशी सकाळची वेळ घ्या. बाबांनी नेहमीप्रमाणे खाऊन आणि औषध घेऊनच जायचं. सुन्नपणा दोन-तीन तास राहतो, तेवढा वेळ चावता येत नाही आणि जेवण लांबलं की साखर घसरू शकते. ग्लुकोमीटर सोबत असू द्या. सगळ्या औषधांची यादी दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करायची नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध चालू असेल तर दात काढायच्या आधी ते सांगणं फार गरजेचं आहे, कारण काही जणांत जबड्याचं हाड भरून येत नाही. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात, तीही शक्यता तपासतील.

घरी रक्त येतं म्हणून ती जागा टाळू नका, उलट तिथेच नीट साफ करायचं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. दातांमधल्या फटींसाठी इंटरडेंटल ब्रश, फटीत जेमतेम घट्ट बसेल अशा मापाचा. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो या दंतसंशोधकांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या आणि पुन्हा साफसफाई सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हे मात्र पॉकेट होण्याआधीच्या सुजेबद्दल आहे. झिजलेलं हाड नुसत्या ब्रशने परत येत नाही. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सांगितला तर साधारण दोन आठवड्यांच्या पुढे आपणहून चालू ठेवू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून वापरा, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा जोर कमी होतो. बाबा सिगारेट ओढत असतील तर रक्त कमी येतंय यावर विसंबू नका. धूम्रपानाने ते लक्षण दबतं आणि आजार आतून चालूच राहतो.

हृदयविकाराबद्दलही विचारलंय. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये मांडलेलं मत मला पटतं: दोन्ही आजार एकत्र आढळतात हे खरं, पण हिरड्यांवर उपचार केल्याने हार्ट अटॅक टळतो असं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा त्या आशेवर हे करू नका. अपवाद कृत्रिम झडप बसवलेल्यांचा किंवा हृदयाच्या अस्तराला पूर्वी संसर्ग झालेल्यांचा: त्यांना अशा उपचाराआधी अँटिबायोटिक लागतं.

एचबीए१सी शेवटच्या बैठकीनंतर तीन महिन्यांनी करा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे महिनाभरात केलेल्या तपासणीत जुनीच साखर दिसेल. मधुमेहाच्या डॉक्टरांना उपचाराची तारीख कळवा. मधल्या काळात गोळ्यांचा डोस बदलला असेल तर तोही लिहून ठेवा, नाहीतर आकडा कशामुळे हलला ते कळणार नाही.