हॅम रेडिओच्या (छंद म्हणून चालवायच्या रेडिओ स्टेशनच्या) परवाना परीक्षेसाठी नियमांचा अभ्यास कसा करावा?

रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या, म्हणजे मर्यादित परवान्याच्या परीक्षेला थिअरी आणि नियम, दोन्हींत किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. त्यामुळे थिअरी कितीही पक्की असली तरी नियम ऑप्शनला टाकता येत नाहीत.

आधी क्यू कोड, म्हणजे रेडिओवर वापरायचे ‘क्यू’ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत, उरका. क्यूआरएम आणि क्यूआरएन यांत हमखास घोळ होतो: ‘म’ माणसाचा, म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, ‘न’ निसर्गाचा, विजांची खरखर. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) काढताना भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. पहाटेचे ३ म्हणजे २१:३०, पण तारीख आदल्या दिवशीची! गुण तिथेच जातात.

अमेरिकी सराव ॲप नियमांसाठी नकोच. तिकडे दोन मीटर बँड (हॅमसाठी राखलेला एक फ्रीक्वेन्सी पट्टा) १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे १४६ लाच संपतो.