मुलांसाठी मोफत लेखन कार्यशाळा: फी घ्यावी का, आणि शिकवायचं काय?

गावातल्या वाचनालयात आठवी ते बारावीच्या मुलांसाठी लेखनाची कार्यशाळा सुरू करायची आहे, पण 'फुकट दिलं की किंमत राहत नाही' असं सगळे ऐकवतात, शिवाय आपण स्वतः लेखक नाही, अशा तुमच्या दोन अडचणी आहेत. तालुक्याच्या गावी एका वाचनालयात मी काही वर्षं रविवारी हेच काम करते आहे. त्यावरून सांगते.

फी घेऊ नका. पन्नास रुपयेसुद्धा नको. पन्नास रुपये लावले की घरी पैसे मागायला जे मूल धजत नाही, ते पहिल्याच दिवशी गळतं, आणि बहुतेक वेळा सांगण्यासारखं सगळ्यात जास्त त्याच्याचकडे असतं. किंमत राहते ती नेमाने. रविवारी दहा वाजता दार उघडं म्हणजे उघडं, मग दोनच मुलं आली तरी चालेल. पाहुणे, हारतुरे आणि प्रमाणपत्रांचं दोन दिवसांचं शिबिर घेण्यापेक्षा वर्षभर दर रविवारचे दोन तास कितीतरी मोलाचे.

मोफत चालवून दर्जा टिकतो का, ही शंका असेल तर दोन उदाहरणं पाहा. सॅन फ्रान्सिस्कोत २००२ मध्ये लेखक डेव्ह एगर्स आणि शिक्षिका निनिव्ह कॅलेगरी यांनी '८२६ व्हॅलेन्सिया' हे केंद्र सुरू केलं. ती जागा दुकानासाठी राखीव असल्याने पुढच्या बाजूला दुकान थाटणं भाग होतं. म्हणून त्यांनी समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान काढलं, आणि आत मुलं स्वयंसेवकांसोबत बसून लिहू लागली. आयर्लंडमध्ये, डब्लिनला, कादंबरीकार रॉडी डॉइल आणि त्यांचे सहकारी शॉन लव्ह यांनी २००९ मध्ये 'फायटिंग वर्ड्‌स' उभं केलं, तेही मोफत. तिथे लहान मुलांचा अख्खा गट मिळून गोष्टीची सुरुवात रचतो, पुढचा शेवट ज्याचा त्याने लिहायचा, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या हातात स्वतःचं छापील पुस्तक. ही रीत मी उचलली आहे, तुम्हीही उचला. फळा आणि झेरॉक्सवाला एवढ्यावर भागतं.

आता शिकवायचं काय? खरं तर फार काही शिकवायचं नसतं, शाळेची एक सवय मोडायची असते. आपल्या मुलांना निबंध पाठ असतात. 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' सांगितलं की गाइडमधलं पुस्तक बोलायला लागतं, पाऊस म्हटलं की मोर थुई थुई नाचतो. मोर प्रत्यक्षात पाहिलेला नसला तरी. म्हणून विषय देऊच नका, प्रश्न द्या, आणि तो इतका बारीक असू द्या की पाठ केलेलं उत्तर त्याला चालणारच नाही. आई-वडील ऊसतोडीला गेलेला एक मुलगा पहिल्यांदा 'आमचे कुटुंब सुखी व समाधानी आहे' असं लिहून बसला होता. त्याला विचारलं, तुझ्या घरात सकाळी पहिला आवाज कसला येतो? त्याने आजीचा खोकला लिहिला, मग पत्र्याचं दार, मग शेजारच्या मोटारसायकलची किक. त्या दिवशी त्याचं पान भरलं आणि त्याने ते स्वतःहून वाचून दाखवलं.

शुद्धलेखनाला पहिल्या खर्ड्यात हात लावू नका. लाल पेन घरीच ठेवा. मूल घरात अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असेल तर गोष्टीतल्या माणसांचं बोलणं त्याच बोलीत येऊ द्या. पुस्तकी भाषेच्या धाकाने मुलांच्या गोष्टीतली आजी शाळा तपासनिसासारखी बोलते. ऱ्हस्व-दीर्घ छापायच्या वेळी शेजारी बसून बघता येतं. वाचून दाखवायला 'किशोर'चे जुने अंक घ्या. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात.

लेखक नसल्याची काळजी सोडा. मुलाला हवा असतो लक्ष देऊन ऐकणारा मोठा माणूस, जो ऐकून झाल्यावर 'छान' म्हणून मोकळा न होता 'मग ते दार कोणी उघडलं?' असं विचारेल. एवढं तुम्हाला नक्की जमेल.

स्पर्धा आणि बक्षिसं ठेवू नका. पहिला नंबर आला की बाकीची पोरं त्याच्यासारखं लिहायला लागतात. त्यापेक्षा छापा. चार ए-फोर कागद मधोमध दुमडले की सोळा पानांची पुस्तिका होते. मधे दोन पिना मारा, मुखपृष्ठ मुलांनाच काढू द्या. शाळा-कॉलेजांत हस्तलिखित अंक काढायची आपली जुनी रीत आहेच. एक प्रत वाचनालयाच्या कपाटात रीतसर दाखल नोंद करून ठेवायला सांगा. आपल्या पुस्तिकेवर दाखल क्रमांक बघताना मुलांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिलंय, म्हणून हा आग्रह.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून ठेवा. मनापासून लिहायला लागली की काही मुलं घरातली मारहाण लिहितात, कधी त्याहून वाईट. तो कागद गटात वाचायचा नाही, छापायचा नाही, आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही द्यायचं नाही. मुलाशी शांतपणे बोला आणि गरज पडली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनची मदत घ्या. खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत, त्यात एक बाई असावी. छापण्याआधी मुलाची आणि पालकांची, दोघांचीही परवानगी घ्या.

परीक्षांच्या तोंडावर सुरू करू नका, जूनमध्ये शाळा उघडल्यावर करा. ग्रंथपालांना आधी भेटा. रविवारी किल्ली कोणाकडे राहणार, हे त्यांच्याशी पक्कं केल्याशिवाय मुलांना बोलावू नका.