पंचम जॉर्जच्या रुपयांचा रजिस्ट्री सेट लावतोय, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या यादीत गुणांवर स्पर्धा करणारा संग्रह. गुण कसे धरतात? आणि एमएस-६२, ६३ची (एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं, ६० ते ७०) नाणी स्लॅब, म्हणजे कंपनीची सीलबंद प्लॅस्टिकची डबी, फोडून पुन्हा ग्रेडिंगला (दर्जा ठरवायला) पाठवावीत का?

फोडू नका. गुणांचं सांगतो, पण आधी हे पक्कं करा.

आमच्या सासऱ्यांकडे १९११चा मुंबई टांकसाळीचा रुपया होता. तोच, पिग रुपया. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली. ९४ लाखांच्या आसपास पाडले होते, त्यातले जेमतेम ७ लाख बाजारात गेले, बाकीचे वितळवले. १९१२पासून हत्ती सुधारला. वाटण्यांत हा रुपया मेहुण्यांकडे गेला. त्यांनी ग्रेडिंगला पाठवला, एमएस-६३ आला. झालं, त्यांच्या डोक्यात ६४ बसलं. एका आकड्याने यादीत किती वर जाऊ, याचा हिशेब जेवताना, गाडीत, एकदा तर चक्क बारशाला.

मी भिंग हातात देऊन दाखवलं. दिव्याखाली नाणं तिरकं धरून फिरवलं की लस्टरचा, म्हणजे मूळ झळाळीचा पट्टा त्याच्याबरोबर गोल फिरतो. या रुपयावर तो भुवईपाशी आणि मुकुटाच्या वरच्या कडेला अडखळत होता, तिथे राखाडी झाक होती. म्हणजे घासलं गेलंय. म्हटलं, ६३ मिळालं हेच नशीब समजा, गप्प बसा. ऐकतील तर ते मेहुणे कसले! ओट्यावर टॉवेलची घडी, स्लॅबचा कोपरा पक्कडीत, आणि कडाक्. प्लॅस्टिकच्या चिरफळ्या फ्रिजखाली गेल्या. नाण्याला ओरखडाही नाही. पण परत आलं ते एयू-५८ होऊन, म्हणजे जवळजवळ नवं, पण किंचित घासलेलं. आजतागायत मेहुण्यांचं एकच पालुपद, कंपनीने फसवलं. अहो, कंपनीने पहिल्यांदा दया दाखवली होती, दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवले, इतकंच.

आता गुण. पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीच्या रजिस्ट्रीत प्रत्येक नाण्याला दुर्मिळतेप्रमाणे १ ते १० असं वजन दिलेलं असतं. ग्रेड गुणिले वजन, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. रिकाम्या जागेला शून्य. समजा तीनच नाण्यांचा सेट आहे, वजनं १, ३, ६ आणि ग्रेड ६५, ६४, ६३. सरासरी ६३.५. शेवटचं नाणं ५८ झालं की तीच ६०.५. आणि ते नाणं नसेलच, तर २५.७! त्यामुळे ढिगाने मिळणाऱ्या १९१८-१९च्या रुपयाचा ६४चा ६५ करण्यात पैसे घालू नका. १९२१-२२चा शोधा, मध्यम ग्रेडचा का होईना, आणि जागा भरा.

एनजीसी ही दुसरी ग्रेडिंग कंपनी, तिचा हिशेब निराळा. तिथे प्रत्येक नाण्याच्या प्रत्येक ग्रेडला गुण ठरलेले असतात आणि नुसती बेरीज होते. वरच्या ग्रेडना गुण झपाट्याने चढतात, त्यामुळे दोन-तीन अव्वल नाणी असलेला अर्धवट सेटही पूर्ण सेटला मागे टाकू शकतो. मला हे पटत नाही. सेट म्हणजे सेट.

पॉप रिपोर्टचं, म्हणजे कुठल्या ग्रेडची किती नाणी आली याच्या कंपनीच्या मोजणीचं, तर बोलूच नका. मेहुण्यांनी जुनं लेबल कंपनीला परत केलेलं नाही, 'पुरावा' म्हणून कपाटात जपून ठेवलंय. म्हणजे एकच रुपया मोजणीत दोनदा, एकदा ६३मध्ये, एकदा ५८मध्ये. असे फोडलेले स्लॅब किती असतील! शिवाय आपल्याकडचे बहुतेक चांदीचे रुपये लक्ष्मीपूजनाच्या डब्यात नाहीतर सराफाकडे, ग्रेडिंगला जातात किती? 'याहून वरचं एकही नाही' असं रिपोर्टमध्ये दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की अजून कोणी पाठवलेलं नाही. त्यासाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

डब्यातलाच रुपया पाठवणार असाल, तर तो चिंचेने किंवा पीतांबरीने घासलेला नाही ना, ते बघा. 'डिटेल्स' लेबल, म्हणजे नाणं खरं पण खराब केलेलं असा शेरा, आलं तर स्पर्धेच्या सेटमध्ये उपयोग शून्य.

ग्रेड खरंच कमी दिली असं वाटत असेल, तर पीसीजीएसकडे स्लॅबसकट फेरतपासणी होते. वाढली तर नवा स्लॅब, नाही वाढली तर जुना शाबूत. हे मी मेहुण्यांना पक्कड उचलायच्या आधी सांगितलं होतं, साक्षीला बायको आहे.

एक राहिलंच, खरं तर आधी सांगायला हवं होतं. पीसीजीएसच्या रजिस्ट्रीत फक्त त्यांच्याच स्लॅबमधली नाणी चालतात. तुमची एनजीसीची असतील तर वरचं सरासरीचं गणित तुमच्या कामाचं नाही. आणि हो, चांगलं एयू-५८ नाणं दिसायला ठोके खाल्लेल्या एमएस-६१पेक्षा सरस असू शकतं, विकतानाही कधी कधी जास्त भाव घेतं. सासऱ्यांचा रुपया तसाच देखणा आहे. फक्त हे मेहुण्यांना कळवू नका, लगेच म्हणतील, बघा, फोडलं ते बरंच झालं.