इटालियन माफिया कुटुंब, अब्रू आणि निष्ठा खरोखरच जपतात, की हे फक्त चित्रपटात असते?

फक्त चित्रपटात. एवढ्यावर उत्तर संपले असते, परंतु तुम्ही प्रश्नाखाली ‘काही झाले तरी ते लोक घरच्यांना दगा देत नाहीत’ असे लिहिले आहे आणि नेमके हेच वाक्य मी माझ्या थोरल्या काकांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकले आहे.

काकांचे हळदीचे अडत दुकान होते. ‘गॉडफादर’ या माफियावरच्या चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट त्यांच्या संग्रही होती आणि दिवाळीत सगळी भावंडे जमली की ती लागायची. घरच्यांविरुद्ध बाहेरच्याची बाजू पुन्हा घ्यायची नाही, असे त्याचा नायक मायकेल आपल्या मोठ्या भावाला, फ्रेडोला, बजावतो तो प्रसंग आला की काका आम्हा पोरांकडे वळून पाहत. कॉलेज संपवून मी दुकानात बसू लागलो, तेव्हा प्रत्येक पोत्यामागे किलो-दीड किलो माल शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर कमी लागतो हे माझ्या लक्षात आले आणि मी ते एका शेतकऱ्याला सांगून टाकले. त्याने चारचौघांत जाब विचारला. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ती तू उघडलीस,’ एवढेच काका म्हणाले. पण त्या दिवसापासून मी घरभेदी ठरलो. पुढे चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका वडिलांच्या नावाने आली, तिच्यावरचा ‘सहकुटुंब’ हा शब्द पेनाने खोडलेला होता.

काकांनी दुसरा भाग कधी आणलाच नाही. त्यात हाच मायकेल याच फ्रेडोला तळ्यावर होडीत गोळी घालायला लावतो.

प्रत्यक्षात कोझा नोस्त्रात, म्हणजे इटलीच्या सिसिली बेटावरच्या माफियात, ‘कुटुंब’ हे एखाद्या गावावर किंवा वस्तीवर हुकूमत असलेल्या टोळीचे नाव असते, रक्ताच्या नात्याचे नव्हे. आणि दोहोंत निवड करायची वेळ आली की सख्ख्यांचा बळी जातो. २००७ मध्ये साल्वातोरे लो पिक्कोलो या म्होरक्याला पकडले तेव्हा त्याच्याकडे नियमांची एक यादी सापडली. बायकोला मान द्यावा, असे ती सांगते. आणि बायको बाळंत होण्याच्या बेतात असली तरी संघटनेच्या हाकेला हजर राहावे, असेही तीच सांगते. सान्तीनो दी मात्तेओ हा, माफियाविरुद्ध तपास करणारे न्यायाधीश फाल्कोने यांच्या हत्येतला एक साथीदार. तो साक्षीदार झाला, म्हणून १९९३ मध्ये त्याच्या बारा वर्षांच्या मुलाला पळवून नेले, दोन वर्षांहून अधिक काळ डांबून ठेवले आणि अखेर गळा आवळून मारून त्याचे प्रेत आम्लात विरघळवले. हा हुकूम देणारा जोव्हान्नी ब्रुस्का हादेखील फाल्कोने यांच्या हत्येत त्या मुलाच्या बापाच्या बरोबरीने सामील होता. ही माणसे स्वतःला ‘अब्रूदार माणूस’ म्हणवून घेतात.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती सिसिलीतल्या पार्तान्ना गावची रीता आत्रिया. तिचे वडील माफियातले. १९८५ मध्ये त्यांना मारले आणि १९९१ मध्ये तिच्या भावाला. सतराव्या वर्षी ती माफियाविरुद्ध तपास करणाऱ्या पाओलो बोर्सेलिनो या सरकारी वकिलांकडे गेली आणि माहीत होते ते सगळे तिने सांगितले. १९ जुलै १९९२ रोजी पालेर्मोत बोर्सेलिनोंना बॉम्बस्फोटात मारले आणि आठवड्याभरात रीताने रोममध्ये जीव दिला. तिच्या आईने नंतर हातोडा घेऊन मुलीच्या थडग्यावरचा दगड फोडला. नवरा आणि मुलगा ज्यांनी मारले त्यांच्यावर नव्हे, बोलणाऱ्या मुलीवर तिने तो हातोडा उगारला. हे वाचले तेव्हा ती खोडलेली पत्रिका मला आठवली. दोन्हींची तुलना होत नाही हे मला कळते, तरीही आठवली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. दक्षिण इटलीच्या कलाब्रिया प्रांतातली माफिया संघटना एन्द्रांगेता मात्र बऱ्याच अंशी रक्ताच्या नात्यांवर आणि आपसांतल्या सोयरिकींवर उभी आहे. बापाविरुद्ध किंवा भावाविरुद्ध साक्ष देणे कठीण असल्यामुळे तिच्यातून फुटणारे साक्षीदारही तुलनेने कमी निघाले. तेव्हा ‘नाते नसतेच’ असे नाही. नात्याचा उपयोग कुलपासारखा होतो, इतकेच.

तुम्ही चित्रपट जरूर पाहा, फक्त दोन्ही भाग पाहा. आणि काकांवर अन्याय नको म्हणून हेही लिहितो की, वडिलांच्या आजारपणात निम्मा खर्च त्यांनी न मागता दिला होता. पोत्यामागचे ते किलो-दीड किलो मात्र त्यांनी अजून कबूल केलेले नाहीत.