वाचकांचे प्रश्न : एकच वॉर, वेगवेगळे सर्व्हर

प्रश्न (निपाणी) : साखर कारखान्यासाठी आम्ही ऊसनोंद, वजनकाटा आणि ऊसबिल असे तीन पोर्टलेट (पोर्टलच्या पानात बसणारे छोटे जावा प्रोग्राम) केले. आमच्याकडे टॉमकॅट या जावा सर्व्हरवर प्लुटो या पोर्टलमध्ये ते नीट चालतात. कारखान्याकडे वेबलॉजिक या दुसऱ्या सर्व्हरवर लाइफरे हे पोर्टल आहे. तीच वॉर (सगळा प्रोग्राम बांधलेली एकच फाइल) तिथे टाकली की आधी पोर्टलेटसर्व्हलेट सापडत नाही असं येतं; ते कसंबसं मिटवलं की क्लासकास्ट एक्सेप्शन, म्हणजे एका वर्गाची वस्तू दुसऱ्या वर्गाची मानता येत नाही असा दोष. प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी वॉर ठेवावी लागेल का?

उत्तर : वेगळी वॉर ठेवू नका. सहा महिन्यांनी दोन्हींत कोणता बदल कुठे केला होता ते कुणाला सांगता येणार नाही. तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत, ते एकेक करून सोडवा.

पहिला दोष असा, की तुम्ही प्लुटोसाठी तयार झालेली वॉर पुढे पाठवली आहे. पोर्टलेट हा सर्व्हलेट (वेब विनंतीला थेट उत्तर देणारा जावा वर्ग) नाही, त्यामुळे त्याला थेट कसं हाक मारायची हे वेब सर्व्हरला कळत नाही. म्हणून ही पोर्टलं वॉरमधल्या वेब.एक्सएमएल या नोंदफाइलमध्ये स्वतःचा एक मध्यस्थ सर्व्हलेट घालतात. प्लुटोचं मेवन (वॉर बांधणारं साधन) प्लगिन 'असेंबल' या टप्प्यात प्रत्येक पोर्टलेटमागे प्लुटोचा पोर्टलेटसर्व्हलेट आणि त्याचा 'प्लुटोइन्व्होकर'ने सुरू होणारा पत्ता लिहितं. लाइफरेचा डिप्लॉयर (वॉर चढवण्यासाठी तयार करणारं साधन) त्याच जागी लाइफरेचा वर्ग लिहितो. प्लुटोचा शिक्का बसलेली वॉर लाइफरेकडे गेली की नसलेल्या वर्गाचा शोध सुरू होतो. उपाय असा : बिल्डमधून निघालेली, कोणत्याही पोर्टलने हात न लावलेली कच्ची वॉर हीच मूळ प्रत माना आणि आवृत्ती क्रमांक तिलाच द्या. असेंबल हा टप्पा मेवनच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये ठेवा, म्हणजे तो फक्त प्लुटोसाठी चालेल. वेबलॉजिकसाठी लाइफरेच्या डिप्लॉयरमधून वॉर आधी तयार करून घ्या आणि मग सर्व्हरच्या कन्सोलमधून चढवा.

दुसरा दोष म्हणजे पोर्टलेट एपीआयची जार, म्हणजे पोर्टलेटचे ठरलेले वर्ग असलेली लायब्ररी फाइल. ती वॉरच्या लिब फोल्डरमध्ये आहे आणि सर्व्हरकडेही आहे. जावाच्या लेखी एकाच नावाचे पण दोन क्लासलोडरनी (वर्ग मेमरीत आणणाऱ्या भागांनी) उचललेले वर्ग परके असतात. म्हणून नाव तंतोतंत तेच असूनही कास्ट होत नाही. मेवनमध्ये या जारचा स्कोप 'प्रोव्हायडेड' (सर्व्हरच पुरवेल, वॉरमध्ये नको) करा. एवढ्यावर थांबू नका. एखादी तिसरीच जार तिला मागच्या दाराने आत आणू शकते. वॉर बांधून झाल्यावर तिच्यातल्या फाइलींची यादी देणारी 'जार टीएफ' ही आज्ञा चालवा आणि वेब-इन्फ लिबची यादी डोळ्यांनी वाचा. पोर्टलेट-एपीआय, सर्व्हलेट-एपीआय आणि पोर्टलची टॅगलिब यांपैकी काहीही दिसलं तर मेवनच्या डिपेंडन्सी ट्रीमध्ये ते कुठून आलं ते शोधून वगळा.

एपीआयची जार सर्व्हरवर कुठे ठेवायची, ही जागा मात्र बदलते. टॉमकॅट ६ पासून पुढे सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये, वेबलॉजिक व ग्लासफिशवर डोमेनच्या लिबमध्ये, वाइल्डफ्लायवर मोड्यूल म्हणून. वेबलॉजिकवर आणखी एक अडचण येते. सर्व्हरकडे स्वतःच्या काही जुन्या लायब्ररी असतात आणि त्या तुमच्या नव्यांच्या आधी उचलल्या जातात. तसं झालं तर वेबलॉजिक.एक्सएमएलमध्ये 'प्रिफर वेब-इन्फ क्लासेस' ट्रू करा. ही फाइल टॉमकॅट वाचतच नाही. त्यामुळे सगळ्या सर्व्हरांच्या अशा फाइली एकाच वॉरमध्ये सुखाने नांदतात.

आता टॉमकॅट. पोर्टल आणि पोर्टलेट ही दोन वेगळी वेब ॲप्लिकेशन असतात. पोर्टल 'गेटकॉन्टेक्स्ट' करून पोर्टलेटच्या घरात, म्हणजे त्याच्या कॉन्टेक्स्टमध्ये, शिरतं, आणि टॉमकॅट डीफॉल्टने त्याला नल (काहीच नाही) परत देतो. त्यासाठी 'क्रॉसकॉन्टेक्स्ट' ट्रू लागतं. बहुतेक जण ते पोर्टलेटच्या वॉरमध्ये घालतात. पण विचारणारं पोर्टल आहे, म्हणून ते पोर्टलच्या कॉन्टेक्स्टवर हवं. शिवाय कॉन्फ फोल्डरातल्या कॅटालिना-लोकलहोस्टमध्ये त्याच नावाची एक्सएमएल असेल, तर वॉरमधल्या मेटा-इन्फच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलकडे टॉमकॅट पाहत नाही. बदल करूनही फरक पडत नसेल तर आधी तिथे शिळी फाइल उरली आहे का पाहा.

प्रश्न (खानापूर) : पोर्टलेटमधून पावतीची पीडीएफ उघडताना सभासद लॉगिन नसल्यासारखं होतं. पावती आमच्याच वॉरमधला सर्व्हलेट देतो. एका सर्व्हरवर चालतं, दुसऱ्यावर नाही.

उत्तर : पोर्टलेटची विनंती पोर्टलमार्फत येते; पावतीची विनंती ब्राउझर थेट तुमच्या वॉरकडे पाठवतो. सेशनची कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी खूण) पोर्टलच्या मार्गापुरतीच दिलेली असेल तर ब्राउझर ती तुमच्याकडे पाठवत नाही आणि सर्व्हर नवं, रिकामं सेशन उघडतो. टॉमकॅट ६ मध्ये यासाठी कनेक्टरवर (विनंत्या स्वीकारणाऱ्या भागावर) 'एम्प्टीसेशनपाथ' होतं, ७ पासून कॉन्टेक्स्टवर 'सेशनकुकीपाथ' आहे. पण मार्ग नुसत्या तिरक्या रेघेवर, म्हणजे सगळ्या सर्व्हरसाठी एकच, आणला की जिथे सेशनचा क्रमांक ॲप्लिकेशनांत सामायिक नसतो, तिथे ती एकमेकांच्या कुकीवर कुकी लिहितात आणि लॉगिन आणखीच उडतं.

त्यामुळे सर्व्हलेटच काढून टाका. पोर्टलेट २.० मध्ये, म्हणजे २००८ च्या जेएसआर २८६ या प्रमाणापासून, फाइल देण्यासाठी 'सर्व्हरिसोर्स' ही पद्धत आहे. पीडीएफ तिथून द्या आणि दुवा 'रिसोर्सयूआरएल' टॅगने बनवा. विनंती पोर्टलमार्फतच जाते आणि कुकीचा प्रश्न राहत नाही. सर्व्हलेट ठेवणं भागच असेल तर सेशनमधली किंमत ॲप्लिकेशन स्कोपमध्ये, म्हणजे सगळ्या वॉरला दिसेल अशी, ठेवा. पोर्टलेट स्कोपमधल्या नावापुढे 'जावाएक्स.पोर्टलेट.पी.' आणि खिडकीचा क्रमांक जोडलेला असतो, म्हणून सर्व्हलेटला ती साध्या नावाने सापडत नाही.

प्रश्न (बेळगाव) : आमचा पोर्टलेट मराठी, कन्नड आणि इंग्रजी दाखवतो. नव्या सर्व्हरवर इंग्रजी निवडलं तरी कन्नड येतं. जुन्या सर्व्हरवर मराठीच्या जागी नुसती भलती चिन्हं.

उत्तर : सीमाभागात हा प्रश्न वारंवार येणारच, म्हणून नीट समजून घ्या. इंग्रजी मजकूर तुम्ही भाषेचा प्रत्यय नसलेल्या मूळ प्रॉपर्टीज फाइलमध्ये (पडद्यावरच्या मजकुराच्या फाइलमध्ये) ठेवला असणार. जावा आधी 'ईएन' प्रत्ययाची फाइल शोधतो. ती नसली तर मूळ फाइलकडे न जाता सर्व्हरच्या डीफॉल्ट भाषेकडे जातो. नव्या सर्व्हरची भाषा कन्नड आहे, 'केएन' फाइल हाती लागते आणि शोध तिथेच थांबतो. 'ईएन' प्रत्ययाची एक रिकामी फाइल ठेवा. ती सापडली की उरलेला मजकूर मूळ फाइलमधून घेतला जातो. पोर्टलेट.एक्सएमएलमध्ये 'सपोर्टेड-लोकेल'ला एमआर, केएन, ईएन तिन्ही लिहा.

भलत्या चिन्हांचं कारण जावाची आवृत्ती. जावा ८ पर्यंत या फाइली आयएसओ ८८५९-१ (ज्यात देवनागरी नाही असा अक्षरसंकेत) म्हणून वाचल्या जातात, ९ पासून यूटीएफ-८ म्हणून. दोन्हीकडे चालणारा मार्ग म्हणजे अक्षरं बॅकस्लॅश-यू आणि चार चिन्हांच्या संकेतात लिहिणं. हे काम बिल्डवर सोपवा, हाताने करू नका. शोधखिडकीत टाइप केलेलं मराठी नावही बिघडत असेल आणि सर्व्हर टॉमकॅट ७ किंवा जुना असेल, तर कनेक्टरवर 'यूआरआयएन्कोडिंग' यूटीएफ-८ करा. ८ पासून ते आपोआप असतं.

प्रश्न (चिकोडी) : टॉमकॅट १० वर गेलो तर?

उत्तर : जाऊ नका, ९ वर थांबा. १० पासून सर्व्हलेटची पॅकेजं जावाएक्सऐवजी जकार्ता नावाने येतात. पोर्टलेट ३.० च्या एपीआयमध्येही जावाएक्सची कुकी थेट वापरली आहे, त्यामुळे फक्त तुमची वॉर बदलून भागत नाही. एपीआय आणि पोर्टल दोन्ही जकार्तावर आलेली हवीत.