अमेरिकेत सायलेन्सरचे नियम सैल झाले तर गोळीबार ऐकूच येणार नाही का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी एमएस करायला अमेरिकेत निघालीये, तिथे बंदुकीच्या सायलेन्सरवरचा टॅक्स काढून टाकला आणि आता नोंदणीही काढणार असं वाचलं, तर उद्या कॉलेजात कोणी गोळ्या झाडल्या तर आवाजच येणार नाही का आणि पोलिसांना कळणार कसं. आवाज येतो. सायलेन्सर लावला तरी येतो आणि चांगला मोठा येतो. सिनेमात 'फुस्स' होतं आणि माणूस पडतो ते साफ खोटं आहे, आणि या एका खोट्यापायी माझं माझ्या साडूशी कित्येक वर्षं वाजतंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे थँक्सगिव्हिंगनंतर हरणाच्या शिकारीचा सीझन सुरू होतो आणि गावंच्या गावं जंगलात जातात, बऱ्याच ठिकाणी शाळांना त्या सोमवारी सुट्टी असते. मला शिकार शिकवली आमच्या शेजारच्या आजोबांनी, रिटायर्ड पोस्टमन, आता ऐंशीच्या पुढे. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. डाव्या बाजूने हाक मारली तर ते वळतच नाहीत, त्यांच्या बायकोने जेवणाच्या टेबलावर आयुष्यभर उजवीकडची खुर्ची धरलीये. कारण अगदी साधं आहे, उजव्या खांद्याला रायफल लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो, म्हणून जुन्या शिकाऱ्यांचा डावा कान आधी जातो. लोक म्हणतात कानात बोळे घालायला काय झालं होतं. अहो, शिकारीत कानच तर लागतात! पाचोळ्यावर हरणाचा पाय पडला की जो बारीक आवाज होतो त्यावरच सगळा खेळ, तिथे दोन्ही कान बंद करून कोण बसेल? (आता इलेक्ट्रॉनिक ईअरमफ मिळतात, बारीक आवाज वाढवणारे आणि मोठा आवाज अडवणारे, पण आजोबांच्या उमेदीच्या काळात कोणी वापरत नव्हतं.) रात्री झोपताना कानात शिट्टी वाजत राहते म्हणून ते उशाशी रेडिओ लावून झोपतात, त्याला टिनिटस म्हणतात, त्याच्यावर खात्रीचा इलाज नाही. त्यांच्या किचनमध्ये बसून हे ऐकलं आणि मी नागरिक झाल्यावर रायफल घेतली तेव्हाच ठरवलं की सायलेन्सर घ्यायचा म्हणजे घ्यायचा.

आता तो घेताना काय काय करावं लागतं ते ऐका, कारण भारतात लोकांना वाटतं की अमेरिकेत हे सगळं किराणा दुकानात मिळतं. फॉर्म ४ भरा, फोटो द्या, दहाही बोटांचे ठसे द्या, त्याची एक प्रत गावच्या पोलीस प्रमुखाला किंवा शेरीफला पाठवा (२०१६ पर्यंत तर त्याची सही लागायची आणि त्याने नाही म्हटलं की विषय संपला), वर २०० डॉलर टॅक्स भरा (तो २०२५ अखेरपर्यंत होता) आणि एटीएफ या फेडरल खात्याच्या उत्तराची वाट बघत बसा. पैसे आपण भरलेले, वस्तू आपली, पण मंजुरी येईपर्यंत ती दुकानदाराच्या तिजोरीत. माझं प्रकरण महिनोन्‌महिने पडून होतं. आता ऑनलाइन अर्ज केला तर बरंच लवकर होतं म्हणा. आणि नोंद नसलेला सायलेन्सर सापडला तर दहा वर्षांपर्यंत कैद.

हे सगळं १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टमुळे. तो काळ गँगवॉरचा, १९२९ मध्ये शिकागोत व्हॅलेंटाइन डेला टॉमीगन नावाच्या छोट्या मशीनगनने माणसं मारलेली, लोक हादरलेले. मशीनगनसाठी कायदा आणला, त्यात सायलेन्सरही टाकला, आणि सुनावण्यांमध्ये त्याच्यावर धड चर्चासुद्धा झाली नाही. २०० डॉलर म्हणजे आजच्या हिशेबात साडेचार हजाराच्या वर, म्हणजे टॅक्सच्या नावाखाली बंदीच होती ती. आणि मुळात ही वस्तू गुन्हेगारांनी काढलेली नाही. हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या इंजिनियरने काढली, १९०९ चं पेटंट आहे, मशीनगनवाल्या मॅक्सिमचा हा मुलगा. हॅम रेडिओवाल्यांना तो दुसऱ्या कारणासाठी माहीत असेल, अमेरिकेतली त्यांची मोठी संघटना त्यानेच १९१४ मध्ये सुरू केली. त्याने गाड्यांचे सायलेन्सरही केले आणि तत्त्व तेच, गरम गॅस एकदम बाहेर सोडायचा नाही, आतल्या पडद्यांमधून वळवत, थंड करत सोडायचा. आता बुलेट मोटरसायकलला सायलेन्सर असतो म्हणून ती गल्लीत आली ते कळत नाही का? तसंच आहे हे.

शिकारीची साधी .३०८ रायफल १६५ डेसिबलच्या आसपास वाजते. सायलेन्सरने २० ते ३० डेसिबल कमी होतात, म्हणजे राहतात १३५ ते १४५ च्या आसपास. कानाला एका फटक्यात इजा होण्याची रेषा साधारण १४० धरतात. म्हणजे हा सगळा खटाटोप आवाज त्या रेषेजवळ किंवा तिच्या खाली आणण्यासाठी आहे, गायब करण्यासाठी नाही. शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जाते तेव्हा तिचा स्वतःचा 'तडाक' असा आवाज हवेत होतो, तो नळीच्या टोकाला काहीही लावलं तरी थांबत नाही. बारकी .२२ आणि मंद गोळी असेल तर आवाज खरंच खूप कमी होतो, हेही सांगून टाकतो, कारण साडू तेच धरून बसतो.

साडू न्यू जर्सीत. तिथे सायलेन्सरवर पूर्ण बंदी. अशी बंदी आठ राज्यांत आहे, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, हवाई, आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये पण. एका वर्षी त्यांच्याकडे गणपतीला गेलो होतो, आरती झाली, प्रसादाच्या वाट्या हातात, आणि कोणीतरी माझ्या शिकारीचा विषय काढला. तर साडू सगळ्यांसमोर म्हणतो, "याच्याकडे सुपारीवाल्यांचं सामान आहे." पंचवीस माणसं बघताहेत, माझी बायको बघतेय, मेहुणी हसतेय. मी म्हटलं, सुपारीवाला बोटांचे ठसे देऊन, फोटो चिकटवून, शेरीफला कळवून सामान घेतो का? त्याने व्हर्जिनिया बीच काढलं. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी इमारतीत एका कर्मचाऱ्याने १२ जणांना मारलं, पिस्तुलाला सायलेन्सर होता, रीतसर विकत घेतलेला. तिथे मी गप्प बसलो, कारण त्या १२ माणसांच्या घरच्यांपुढे डेसिबलचा हिशोब मांडायची माझी हिंमत नाही. पण मुद्दा म्हणून सांगतो, आवाज मोठा आला असता तर ती माणसं वाचली असती हे मला पटत नाही, आणि आत असलेल्या काहींना तो आवाज खिळे ठोकायच्या नेलगनसारखा वाटला, गोळीबार आहे हे लगेच कळलं नाही, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी मी बाळगून आहे.

पुढे तो इकडे आला तेव्हा मी त्याला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेलो. बाकावर बसायला तयार नव्हता, म्हणून पार्किंगमध्ये गाडीजवळ उभा राहिला, चांगला लांब. मी सायलेन्सर फिरवून घट्ट बसवला आणि एक गोळी झाडली. मागे वळून बघतो तर हा दचकून गाडीच्या दाराला चिकटलेला! म्हणाला, "हा तर ऐकू येतो की." मग जरा वेळाने, "मग एवढे पैसे घालून घेता कशाला?" म्हणजे आवाज येत नाही म्हणून वाईट आणि आवाज येतो म्हणून बिनकामाचा. त्या दिवशी त्याने मान्य केलं नाही आणि आजही करत नाही. तो हे वाचेल याची मला खात्री आहे.

आता नियमांचं. मे २०२५ मध्ये 'वन बिग ब्यूटिफुल बिल' हे टॅक्स आणि खर्चाचं मोठं बिल हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, २१५ विरुद्ध २१४ मतांनी पास झालं, त्यात सायलेन्सर त्या १९३४ च्या कायद्यातून अख्खा बाहेर काढला होता. सिनेटमध्ये पार्लमेंटेरियन बाईंनी, म्हणजे नियम काय सांगतात ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, अडवलं, बजेटच्या बिलात फक्त पैशाच्या गोष्टी चालतात, नोंदणी काढणं त्यात बसत नाही म्हणून. मग ४ जुलैला सही झाली ती फक्त टॅक्स शून्य करणाऱ्या बिलावर, लागू १ जानेवारी २०२६ पासून. फॉर्म, ठसे, फोटो, तपासणी, दहा वर्षांची शिक्षा, सगळं जसंच्या तसं आहे. ज्या राज्यांत बंदी आहे तिथली बंदीही उठलेली नाही. व्हॉट्सअॅपवर 'सायलेन्सर फ्री झाला' म्हणून फिरतंय ते अर्धवट आहे.

पुढचं भांडण कोर्टात आहे. १९३७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा टिकवला तो टॅक्सचा कायदा म्हणून. आता बंदूकवाल्या संघटना म्हणतात, टॅक्सच शून्य तर नोंदणी कशाच्या आधारावर? मला हा प्रश्न बिनतोड वाटतो. आणि काँग्रेसमध्ये हिअरिंग प्रोटेक्शन अॅक्ट २०१५ पासून पुन्हा पुन्हा येतोय. २०१७ मध्ये सुनावणी ठरली त्याच दिवशी सकाळी खासदारांच्या बेसबॉल प्रॅक्टिसवर गोळीबार झाला, सुनावणी पुढे गेली, आणि ऑक्टोबरात लास व्हेगासला संगीताच्या कार्यक्रमावर मोठा गोळीबार झाला, मग त्या वेळी कोणी नावच काढलं नाही. त्या कायद्यात सायलेन्सर साध्या रायफलसारखा मिळेल, म्हणजे दुकानात काउंटरवर एफबीआयची तपासणी होणार, ती पास झाली की घरी न्या. याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. नॉर्वेसारख्या देशात, जिथे बंदुकीचं लायसन मिळवणं कितीतरी अवघड आहे, तिथे शिकारी सर्रास सायलेन्सर वापरतात, शेजाऱ्यांनाही त्रास कमी.

पण शश अॅक्ट म्हणून एक दुसरं बिल आहे, त्यात सायलेन्सर नुसती अॅक्सेसरी, काउंटरवरची तपासणीही नको. त्याला माझा विरोध आहे आणि रेंजवरचे माझे मित्र यावरून माझ्यावर चिडतात. ज्याला कायद्याने बंदूक विकत घेता येत नाही त्याला सायलेन्सरही मिळू नये, एवढं साधं आहे. अर्थात तपासणीने सगळं थांबत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मॅनहॅटनमध्ये एका विमा कंपनीच्या सीईओचा खून झाला, पोलीस म्हणतात सायलेन्सर थ्रीडी प्रिंटरवर केलेला होता, आणि ते न्यूयॉर्क, जिथे बंदी आहे. साडूला मी ती बातमी पाठवली होती, उत्तर आलं नाही.

ताई, तुमच्या मुलीसाठी कामाचं सांगतो. स्टुडंट व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, रेंजवर भाड्याने घेऊन झाडली तरी तो ताबाच धरला जातो. आपली मुलं व्हेगासला जाऊन बंदूक हातात घेऊन फोटो टाकतात, एच१बी वालेही टाकतात, तेही त्याच नियमात येतात, कृपा करून तिला हे करू देऊ नका. चालू शिकारीचं लायसन असेल तर अपवाद आहे, पण त्या भानगडीत वकिलाला विचारल्याशिवाय पडायचं नाही. दुसरं, ऑनलाइन 'सॉल्व्हेंट ट्रॅप' किंवा 'फ्युएल फिल्टर' म्हणून स्वस्तात नळकांडी विकतात, रूममेट मागवत असेल तर तिच्या नावावर, तिच्या पत्त्यावर पार्सल येऊ देऊ नका, एटीएफ त्यातली बरीचशी सायलेन्सरच धरतं आणि लोकांच्या दारात जाऊन उभं राहतं.

पोलिसांना कळणार कसं, तर जसं आता कळतं तसंच, लोक ९११ ला फोन करतात. युनिव्हर्सिटीचे इमर्जन्सी मेसेज असतात, त्यात पहिल्याच आठवड्यात नंबर नोंदवायला सांगा. कुठल्या राज्यात जातेय ते तुम्ही लिहिलं नाही. पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशा बाजूला असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर जंगलात ट्रेकला जाताना भडक नारंगी जॅकेट घालायला सांगा, कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतं. गाव कळवलंत तर तिथला सीझन कधी सुरू होतो ते मी बघून सांगेन.